व्हरांड्यातल्या हजेरीची टेप

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, अशी सुरुवात झाली की ऐकणाऱ्याने थोडे हळहळायचे असते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही हळहळू नका. माझा एक कान, म्हणजे आवाज कमीजास्त करण्याचे चाक, तुटला आहे. माझा पट्टा सैल झाल्यामुळे माझ्यावर गाणे लावले तर गाणाऱ्याला पडसे झाल्यासारखे वाटते. पण मी कोणाची दया मागायला बसलेलो नाही. मी साक्ष द्यायला बसलो आहे. साक्षीदाराने केविलवाणे दिसू नये, असे मी फार मोठ्या वकिलांकडून ऐकले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला मी नुसता डबा होतो आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माझ्यात मोटर, डोके, पट्टा आणि सहा बटणे आली होती. मधल्या प्रवासात अकरा बायकांचे हात माझ्यावरून फिरले. शेवटी चष्मा लावलेल्या तपासनीसाने माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हटले, ते परत ऐकले आणि माझ्या पोटावर 'पास' असा शिक्का मारला. माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द म्हणजे एक ते दहा आकडे. बाळबोध सुरुवात होती, पण खरी होती.

एका लॉ कॉलेजने मला वक्तृत्व स्पर्धेसाठी विकत घेतले. आल्या आल्या माझे भारी कौतुक झाले. मुले मला हात लावायला धडपडत आणि प्राचार्य 'हात लावू नका' म्हणायला धडपडत. दोन वर्षे मी भाषणे ऐकली. प्रत्येक भाषणात न्यायदेवता यायची, तिची पट्टी यायची, तराजू यायचा, आणि मग घंटा वाजायची. त्यानंतर नवीन प्राचार्य आले, त्यांना वक्तृत्वाचे वावडे होते. मला कपाटात ठेवले गेले. शेजारी मुठीपासून मोडलेली एक ढाल होती. नऊ वर्षे आम्ही दोघे एकमेकांशेजारी होतो. ती बोलली नाही, आणि कोणी बोलल्याशिवाय माझा काही उपयोग नाही.

मला बाहेर काढले ते ग्रंथपालबाईंनी. बाई बुटक्या, आवाज बारीक, आणि निश्चय मात्र असा की कपाटाची किल्ली सापडेना तेव्हा त्यांनी कपाटाची मागची फळीच काढली. कॉलेजला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती, स्मरणग्रंथ निघणार होता. बाईंचे म्हणणे असे, की कॉलेजचा इतिहास अहवालात नाही, तो माजी विद्यार्थ्यांच्या डोक्यात आहे, आणि ती डोकी एकेक करून जगाचा निरोप घेत आहेत. तेव्हा त्यांना बोलावून बोलते करायचे, आणि ते बोलणे मी साठवायचे. कोणी विरोध केला नाही. यातून काही निष्पन्न होईल असे कोणाला वाटलेच नव्हते.

बाईंनी एका पुठ्ठ्यावर तीन नियम लिहून माझ्या झाकणाला चिकटवले. सांगणाऱ्याच्या मध्ये बोलायचे नाही. कोणाचेही बोलणे पुसायचे नाही. आणि सांगणाऱ्याला त्याचे बोलणे परत ऐकवल्याशिवाय उठायचे नाही. दुसऱ्या नियमासाठी त्यांची एक पद्धत होती. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या दाती असतात, एक या बाजूची, एक त्या बाजूची. दाती मोडली की तिथे भोक पडते आणि मग त्या बाजूवर नवीन काही भरता येत नाही, म्हणून जुने पुसलेही जात नाही. माझे लाल बटण खालीच जात नाही. मुलाखत संपली की बाई केसांतला आकडा काढून दाती मोडायच्या, आकडा परत केसांत खोवायच्या, आणि मग सांगणाऱ्याला त्याचे बोलणे ऐकवायच्या.

मित्रांनो, वकिलांची मुलाखत घेणे म्हणजे खेकड्याला चालायला शिकवण्यासारखे आहे. तो येतो, पण सरळ येत नाही. एकाला बाईंनी नाव विचारले, तर ते म्हणाले, "मान्य आहे." दुसऱ्यांना आयुष्यभर लेखनिकाला मजकूर सांगायची सवय, त्यामुळे ते आठवणीतही विरामचिन्हे घालायचे. "माझी आई स्वल्पविराम जी लवकर वारली स्वल्पविराम तिची इच्छा होती की मी वकील व्हावं पूर्णविराम." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तिसरे निवृत्त न्यायाधीश. ते पाऊण तास फक्त मान हलवत राहिले. ती कॅसेट अजून आहे. तिच्यावर पंख्याचा आवाज फार सुरेख आला आहे.

अशा पस्तीस-चाळीस मुलाखती झाल्यावर एक दिवस नोटरीबाई आल्या.

कोर्टासमोरच्या इमारतीत, जिन्याखाली, चाळीस वर्षे एक टेबल आणि एक शिक्का घेऊन बसणाऱ्या या बाई. वय ऐंशीला टेकलेले, पाठ ताठ. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले, पोटावरचा 'पास'चा शिक्का वाचला आणि मान डोलावली. शिक्क्याची कदर शिक्केवाल्यालाच. ग्रंथपालबाईंनी त्यांच्यासमोर स्मरणग्रंथाचा कच्चा छापील मजकूर ठेवला. त्रेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होते: 'कॉलेजने मुलींना सुरुवातीपासून मुक्तद्वार दिले, तथापि पहिल्या विद्यार्थिनीस घरगुती कारणास्तव पहिले वर्ष पूर्ण करता आले नाही.'

ती पहिली विद्यार्थिनी माझ्यासमोर बसली होती. तिने वाक्य दोनदा वाचले, चष्मा काढून ठेवला आणि मला चालू करायला सांगितले.

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. त्या प्रवेश घेऊन वर्गात गेल्या, तेव्हा प्राध्यापक म्हणाले की मुलांच्या बाकावर मुलगी बसवणे बरे दिसणार नाही, वेगळा बाक मागवला आहे, तो येईपर्यंत व्हरांड्यात बसा. बाक पुढच्या आठवड्यात येणार होता. तो आठवडा काही आला नाही. नोटरीबाई घरून स्टूल घेऊन आल्या आणि तिसऱ्या खिडकीपाशी बसून वर्षभर शिकल्या. रोज सकाळी हजेरी घेतली जाई. त्यांचा आकडा आला की त्या खिडकीतून 'हजर' म्हणत. प्राध्यापक म्हणत, आवाज वर्गाबाहेरून आला आहे; जी व्यक्ती वर्गात नाही ती वर्गात हजर कशी? आणि गैरहजेरी मांडून पुढे जात. खिडकीच्या आत मात्र एकच पोरगा सात जणांच्या वतीने सात आवाजांत 'हजर' म्हणे. एकतीस नंबरसाठी तो खास नाक चोंदल्यासारखा आवाज काढायचा. तो प्राध्यापकांना चालायचा, कारण तो आवाज वर्गातून येत असे. वर्ष संपले. एकतीस नंबरची हजेरी शंभर टक्के भरली. नोटरीबाईंची शून्य. टर्म नामंजूर. त्यांनी परगावच्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"घरगुती कारण एकच होतं," त्या म्हणाल्या, "स्टूल घरचं होतं."

मग त्यांनी चष्मा पुसून परत लावला. माझी फिरकी फिरत राहिली.

"मला माफी नको, सत्कार नको," नोटरीबाई म्हणाल्या. "अर्ध्या गावाच्या खरेपणावर माझा शिक्का आहे. लोक माझ्यासमोर शपथ घेतात. आणि माझ्याच बाबतीत खोटं छापून चाललंय. मी गेल्यावर माझ्या नाती ते पुस्तक उघडतील आणि म्हणतील, आजीला जमलं नाही वाटतं. ते वाक्य बदला. मी हजर होते. तेवढं एक लिहा."

ग्रंथपालबाईंनी कॅसेटची दाती मोडली नाही. दोन्ही बाजूंच्या दाती एकदमच मोडू असे त्यांनी ठरवले, कारण मागच्या बाजूवर अजून जागा होती आणि पुढच्या आठवड्यात नोटरीबाई आणखी काही सांगायला येणार होत्या. ही बाईंची एकुलती एक चूक. पद्धत मोडली की पद्धत सूड घेते.

आता एकतीस नंबर कोण, हे तुमच्या लक्षात आले असेल. नसेल तर सांगतो. एकतीस नंबर म्हणजे माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष, नामवंत वकील, स्मरणग्रंथाच्या समितीचे प्रमुख. कोर्टात ते प्रत्येक गोष्टीला हरकत घेत, म्हणून त्यांना मागे सगळे 'हरकतसाहेब' म्हणत. समोर कोणी म्हणत नसे, कारण त्यावरही त्यांनी हरकत घेतली असती. त्रेचाळिसाव्या पानावरचे वाक्य त्यांचेच होते. जुन्या नोंदवहीत त्यांना 'विद्यार्थिनी' आणि 'नामंजूर' हे दोन शब्द सापडले होते. मधली रिकामी जागा त्यांनी आठवायचे सोडून अंदाजाने भरली. पुष्कळ इतिहास असाच लिहितात.

कोणीतरी त्यांच्या कानावर घातले. दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात आले, मागोमाग प्राचार्य. प्राचार्य मऊ स्वभावाचे होते. जो शेवटचा बोलेल त्याच्याशी ते सहमत होत. हरकतसाहेबांनी टेप पुसायला सांगितली. प्राचार्य सहमत झाले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, दुसरी बाजू न ऐकता निकाल देता येतो का? प्राचार्य त्याच्याशीही सहमत झाले.

हा टोला बरोबर बसला. वकिलाला तुम्ही चोर म्हणा, तो हसेल. पण तुमची बाजू मांडा म्हटले की त्याला खुर्चीत बसावेच लागते. हरकतसाहेबांनी आधी नोटरीबाईंची पूर्ण टेप ऐकली, कागदावर मुद्दे काढले, कोट नीट केला आणि जाहीर केले की ते त्याच कॅसेटच्या मागच्या बाजूवर आपले उत्तर नोंदवतील, म्हणजे आरोप आणि खुलासा एकाच पुराव्यात राहतील. मग आरोप पुसायचा की नाही ते प्राचार्य ठरवतील. कॉलेजचे शिपाईमामा मायक्रोफोन धरून उभे राहिले, कारण त्याचा स्टँड केव्हाच गेला होता. मी लाल बटण खाली घेतले.

मित्रांनो, वकिलांच्या कामाची एक जुनी रीत आहे. ते एकच उत्तर देत नाहीत, उत्तरांची चळत देतात. घागर मी घेतलीच नाही. घेतली असल्यास ती फुटकीच होती. फुटकी नसल्यास मी ती परत दिली. कोर्टात हे चालते. हरकतसाहेबांनी तीच चळत रचली, आणि काय आवाज लावला म्हणता! मी दोन वर्षे वक्तृत्व स्पर्धा ऐकल्या आहेत, पहिला नंबर मी त्यांनाच दिला असता.

"एक. अशी घटना घडलेलीच नाही. दोन. घडली असल्यास सदर विद्यार्थिनी वर्गात नव्हती, व्हरांड्यात होती. तीन. व्हरांड्यात असल्यास तिथे शिकवलेलं ऐकू येणं शक्यच नाही. चार. ऐकू येत नसल्यास तिथे बसणं म्हणजे शिकणं नव्हे. सबब हजेरीचा प्रश्नच उद्भवत नाही."

ते थांबले. आता ग्रंथपालबाईंना बोलायची मुभा होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, अगदी बारीक आवाजात.

"व्हरांड्यात ऐकू येत नव्हतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळणार तर कोणाला?" हरकतसाहेब म्हणाले. अनुभवी साक्षीदाराचा आव त्यांच्या चेहऱ्यावर होता. "वर्षभर मी रोज त्याच व्हरांड्यातून गेलोय. त्या बाई तिसऱ्या खिडकीशी स्टुलावर असायच्या, वहीत मान घालून. एकदा माझा पाय लागून त्यांची दौत सांडली. सव्वासात झाले होते, तास चालू होता, आणि मला आतलं अक्षर ऐकू येत नव्हतं."

शिपाईमामांना खोकला आला. त्यांनी मायक्रोफोन थोडा लांब धरून तो पुरता खोकून घेतला.

हरकतसाहेबांना काहीच जाणवले नाही. ते स्वतःच्या आवाजात इतके रमले होते की अर्थ बाहेर उभा राहिला होता. उलट ते खूश होते. एवढे बिनतोड उत्तर उद्या कोणी पुसून टाकले तर? बाई मुलाखतीनंतर दाती मोडतात, हे त्यांनी ऐकले होते. त्यांनी कॅसेट मागितली. बाईंनी आकडा पुढे केला, पण साहेबांनी तो नाकारला आणि आपल्या सोन्याच्या टाचणीने, स्वतःच्या हाताने, दाती मोडली. एक मोडली, मग नेमकी आपली बाजू कुठली याची शंका आली, म्हणून दुसरीही मोडली. वकील माणूस, जोखीम घेत नाही.

मग तिसऱ्या नियमाप्रमाणे बाईंनी त्यांना त्यांचे बोलणे ऐकवले.

मी ते शक्य तितके स्पष्ट वाजवले. त्या दिवशी माझा पट्टासुद्धा सरकला नाही. पहिल्या तीन मुद्द्यांना हरकतसाहेब बोटाने ताल धरत होते. 'दौत सांडली'पाशी बोट थांबले. 'तास चालू होता' असे मी म्हणालो, म्हणजे तेच म्हणाले. मग त्यांनी बाईंना ते वाक्य पुन्हा ऐकवायला सांगितले. ते पुन्हा तेच निघाले. मी टेपरेकॉर्डर आहे, माझ्याकडे पर्यायी उत्तरे नसतात.

"पुसा," हरकतसाहेब म्हणाले. "दोन्ही बाजू."

प्राचार्य सहमत झाले आणि स्वतः पुढे आले. त्यांनी माझे लाल बटण दाबले. ते खाली गेले नाही. त्यांनी अंगठा लावला, मग दोन्ही अंगठे लावले. मी हाललो नाही. मित्रांनो, माझी सारी हयात हुकूम पाळण्यात गेली. थांब म्हटले की थांबलो, मागे म्हटले की मागे गेलो. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणालो, आणि तेही प्राचार्यांना. असे समाधान कारखान्यातला 'पास'चा शिक्का मिळाला तेव्हाही झाले नव्हते.

खरे सांगायचे तर तो मान माझ्या एकट्याचा नाही. दातीच्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की मी निमूट ऐकतो, आणि मामांच्या खिशात फलकावर नोटिसा डकवायची अख्खी गुंडाळी होती. मामांना ही युक्ती पक्की माहीत होती. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि छताकडे पाहू लागले.

"मशीन जुनं आहे साहेब," ते म्हणाले. "जुन्यांचं असंच असतं. एकदा ऐकलं की विसरत नाही."

हरकतसाहेब बराच वेळ त्या दोन भोकांकडे पाहत बसले. बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, ही म्हण त्यांनी आयुष्यभर खरी करून दाखवली होती. आज पहिल्यांदा विकणारे आणि घेणारे तेच होते. मग त्यांनी कोट उचलला आणि बाईंना म्हणाले, "पुढची तारीख द्या."

"छापखान्याने सोमवार दिलाय," बाई म्हणाल्या.

सोमवारी ते आले. पुस्तकाची पाने तोवर छापून झाली होती. तेव्हा शुद्धिपत्र काढायचे ठरले, म्हणजे चुकीच्या पानावर डकवायची चिठ्ठी. नोटरीबाईंना बोलावून घेतले होते. साहेबांनी 'काही गैरसमजामुळे' असा मसुदा वाचला. नोटरीबाई म्हणाल्या, गैरसमज कोणाचा? त्यांनी 'तत्कालीन परिस्थितीमुळे' असे सुचवले. त्या म्हणाल्या, परिस्थितीने बाक अडवला होता का? असे दोन तास चालले. दोघेही मुरलेले, कोणीच शब्द सोडेना. प्राचार्य दोघांशीही सहमत होते. शेवटी साहेबांनी पेन खाली ठेवले.

"सत्तेचाळीस वर्षं मी लोकांच्या उलटतपासण्या घेतल्या," ते हळू म्हणाले. "स्वतःची कधी ऐकली नव्हती. काय लिहायचं ते तुम्ही सांगा, मी लिहितो."

नोटरीबाईंनी सांगितले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. मी ते अक्षर न अक्षर ऐकले आहे: 'पृष्ठ त्रेचाळीस. "घरगुती कारणास्तव" याऐवजी "वर्षभर हजर असूनही, कॉलेजने बाक न दिल्याने" असे वाचावे.'

लिहून झाल्यावर त्यांनी एकच विनंती केली. एकतीस नंबरचा उल्लेख पुस्तकात येऊ नये.

"कशाला यायला हवा?" नोटरीबाई उठता उठता म्हणाल्या. "तो टेपवर आहे."

चिठ्ठ्या मामांनी डकवल्या. पाचशे प्रतींत. काही वाकड्या लागल्या, पण लागल्या.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. नोटरीबाई गेल्या, साहेबही गेले, ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या. मुलाखती आता खिशातल्या फोनवर होतात म्हणे, आणि आवडले नाही तर बोटाच्या एका टिचकीने जातात. जातात कुठे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मागच्या फळीवर सत्त्याऐंशी कॅसेटी उभ्या आहेत, आणि त्यांचे म्हणणे बाहेर काढणारा या इमारतीत मी एकटाच उरलो आहे. मला मोडीत काढावे की नाही हे ठरवायला कॉलेजने एक समिती नेमली आहे. समितीत तीन वकील आहेत. त्यामुळे निदान वीस वर्षे मला काही होत नाही.

तेव्हा मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यावरची धूळ मला शोभते. तुम्ही एवढेच करा. तुमच्या घरात, तुमच्या शाळेत, ज्यांच्याबद्दल कुठल्यातरी पानावर कोणीतरी अंदाजाने एक ओळ लिहून ठेवली आहे, अशी माणसे अजून चालती-बोलती आहेत. त्यांना विचारा, आजच विचारा. त्यांना बसायला खुर्ची द्या, ती वर्गाच्या आत द्या. ते बोलू लागले की मध्ये तोंड घालू नका. आणि कोणी मोठा माणूस येऊन म्हणाला की हे पुसून टाका, तर त्याला नमस्कार करा, बसवा, आणि म्हणा, साहेब, जरा थांबा. साक्ष अजून संपलेली नाही.